नानांचा हिवाळा

खानदेशच्या उन्हाळ्याला शिव्या न घालणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते आमचे सावद्याचे घरमालक, केशव नाना. बाकी आम्ही धुळ्या-जळगावकडची माणसं होळी पेटली की धास्तावतो. वैशाखात दोघं रस्त्यात भेटले तर रामराम नंतर. आधी ऊन, मग उन्हाच्या सात पिढ्या. नानांसमोर कुणी असं सुरू केलं की ते मान तिरकी करून आभाळाकडे बघत आणि वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं सांगत, "आज तं काहीच नही. आज उन्हाले जरा सर्दी झाली हाये."

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या काही वर्षं आधी सावद्याच्या मुलींच्या शाळेत माझी बदली झाली. मी विधवा, बरोबर म्हातारी आई. आम्हाला जागा द्यायची म्हटलं की लोकांना एकाएकी आपल्याकडे पाहुणे येणार असल्याचं आठवायचं. भर दुपारी आम्ही मायलेकी बोचकी घेऊन गल्लीत उभ्या होतो. कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेला जीभ काढून पडलेली. अशा वेळी समोरच्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरून, कुणीतरी गात असल्याचा आवाज आला. वर पाहिलं तर एक उंच, सावळा माणूस उघड्या डोक्यानं आणि अनवाणी पायांनी, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांमधून, म्हणजे जाडसर पापडांमधून, फिरत होता. खालची हवा उकळी आल्यासारखी थरथरत होती आणि त्या थरथरीत तो माणूस जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखा दिसत होता. आई माझा हात धरून पुटपुटली, "भूत शे का वं?"

भुतानं वरून खाली हाक मारली, "जना, मावशीले आत घे. पाय भाजतीन त्यायचे."

जना म्हणजे त्यांची बायको, जनाक्का. तिनं आम्हाला आत घेतलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. आम्ही कोण, कुठल्या, कपाळ का मोकळं, यातलं काही न विचारता संध्याकाळी बाजूच्या दोन खोल्या झाडून दिल्या. त्या खोल्यांत आम्ही पुढे बरीच वर्षं राहिलो.

नानांचा केळीचा मळा होता, विहीर होती, मोट होती. पण उन्हाळ्यातलं त्यांचं आवडतं काम म्हणजे गल्लीचं वाळवण राखणं. सगळ्या बायका आपापले बिबडे, पापड, कुरडया आणून नानांच्या धाब्यावर पसरत आणि बिनघोर झोपी जात. नाना वर बसून कावळे हाकत, वाळवण उलटत, मोटेवरची गाणी म्हणत. मोबदला म्हणून अर्धवट वाळलेले बिबडे खात. संध्याकाळी बायका वाळवण गोळा करायला आल्या की चिवचिवत, "नाना, कुंपनच शेत खाते व!" त्यावर नाना शपथेवर सांगत की कावळ्यानं खाल्लं, आणि सांगताना तोंडातला बिबडा गालात सरकवत. तो लपवण्याचा त्यांनी कधी मनापासून प्रयत्न केला नाही.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. नानांची लेक गोदी नुकती लग्न होऊन यावलला गेली होती, ती आली. नानांनी अंगणातल्या निंबाला असा झोका बांधला की गल्लीतल्या सगळ्या लेकी तिथेच जमल्या. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. विधवा बाईनं आणखी कुठे उभं राहावं? नानांनी बाहेरून पाहिलं आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "बाई, या. बसा."

मी म्हटलं, "नाना, मी कशी बसू?"

"कशी म्हंजे? दोरी धरून बसा. झोक्याले काय समजते, कोनाच्या कपायावर कुकू हाये अन् कोनाच्या नही?"

मग गोदीनंच माझा हात ओढला. मी झोक्यावर बसले, नानांनी मागून एक झोका दिला, आणि निंबाच्या पानांतून उन्हाचे कवडसे माझ्या तोंडावरून धावत गेले. नवरा गेल्यापासून मला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी गल्लीनं पाहिलं. त्या एका झोक्यासाठी मी नानांना बाकी सगळं माफ केलं असतं, आणि पुढे माफ करण्यासारखं पुष्कळ झालं.

कारण तुळशीचं लग्न लागलं की नाना जात.

जात म्हणजे शरीरानं कुठे जात नसत. हळूहळू विझत. पहिल्या वर्षी मला काही कळलं नाही. दिवस आखडले, सातपुड्याकडून वारा उतरू लागला. सावद्यात सगळ्यांना तरतरी आली. कपाशी घरात येत होती, वांगी भरात होती, लोकांची लग्नं जमत होती. आणि नानांनी डोक्याला फडकं गुंडाळलं. गाणं बंद झालं. एखादी गोष्ट विचारली तर इतक्या उशिरानं उत्तर यायचं की तोवर आपण काय विचारलं होतं ते विसरायला व्हायचं. सकाळी अंगणाच्या ज्या कोपऱ्यात पहिलं ऊन पडे तिथे ते खाट टाकत आणि दिवसभर उन्हामागे खाट ओढत फिरत. आधी पश्चिमेची भिंत, मग निंबाच्या पलीकडे, मग ओटा, मग गोठ्याचं दार. शाळेतून येताना मी नानांची खाट कुठे आहे ते पाहून वेळ ओळखायची. गोठ्याच्या दारातून ऊन निघून गेलं की नाना खाटेवर तसेच बसून राहत, आणि जनाक्का आतून पितळी पेला आणून त्यांच्या हातात देई.

पेल्यात मोहाची दारू असे. सातपुड्याच्या पायथ्याकडून एक माणूस बाजाराच्या दिवशी ती आणून देई. उन्हाळ्यात नाना तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत, कुणी आग्रह केला तर "मी काय आजारी हाये का?" असं विचारत. हिवाळ्यात मात्र तीच त्यांची घोंगडी, तीच शेगडी.

एका सकाळी शाळेच्या पाण्याच्या हौदाबद्दल विचारायला मी गेले. नाना समोर खाटेवर बसले होते. रीत म्हणून जनाक्काला विचारलं, "नाना आहेत का?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी नहीत."

मला वाटलं, थट्टा करते. म्हटलं, "मग हे खाटेवर बसलेत ते कोण?"

"ते ते नहीत, बाई. ते शिवरात्रीले येतीन. तवा काय ते इचारा."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, रागही नव्हता. माणूस परगावी गेलाय आणि अमुक गाडीनं येणार आहे असं सांगावं, तसं ती सांगत होती. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनीही हळूच मान हलवली, जणू त्यांनाही तीच बातमी होती. आणि खरंच, शिवरात्रीच्या आसपास एका सकाळी धाब्यावरून गाणं ऐकू आलं. माझी आई अंगणात तांदूळ निवडत होती. ती वर बघून म्हणाली, "उन्हायामा देव, हिवायामा भूत. बठ्ठं उलटं शे या घरमा."

जनाक्का मला नंतर सांगायची की लग्नाच्या सुरुवातीला ते संक्रांतीलाच परत येत. तीळगूळ खाल्ला की डोळ्यांत ओळख येई. मग मुक्काम लांबला. शिवरात्र झाली. मी राहायला गेल्यावर तीन-चार वर्षांत होळी झाली. जितकं परतणं लांबलं तितका पेला लवकर हातात येऊ लागला. संध्याकाळचा पेला दुपारी आला, दुपारचा सकाळी. कुणी विचारलं की जनाक्का म्हणे, "होयीले येतीन," पण आता ते म्हणताना ती भाकरी थापायची थांबे. तिला धाक एकाच गोष्टीचा होता. होळीनंतर पाडवा आहे, पाडव्यानंतर आखाजी. आखाजीनंतर उन्हाळ्यात सणच नाही. नवरा आखाजीच्याही पुढे गेला तर परत यायला त्याला जागा उरणार नव्हती.

गावानं आपापली कारणं शोधली होती. वैद्यानं वात सांगितला. जोशीबुवांनी शनी सांगितला आणि तेल वाहायला लावलं. बायकांनी करणी सांगितली. पुरुष म्हणत, मोहाची चटक लागली, थंडीचं नुसतं निमित्त. मी चार पुस्तकं वाचलेली, मला तर काहीच सांगता आलं नाही.

नानांना स्वतःला मी एकदाच विचारलं. वामन आबांच्या वावरात भरताची पंगत होती. आबा म्हणजे नानांचे मळाशेजारी, आडदांड पण न्यायी माणूस. आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरीत. वावरात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. अख्खं गाव त्या महिन्यांत एकमेकांच्या वावरात जेवतं. भरीत ठेचावं ते नानांनीच, असं सगळे सांगायचे. पण ते संक्रांतीलाच परत येणाऱ्या जुन्या नानांबद्दल. त्या दिवशी जनाक्कानं त्यांना कसंबसं आणलं होतं. ते जाळाच्या इतके जवळ बसले होते की आबांनी दोनदा मागे ओढलं. थोडी घेतलेलीच होती. सगळे हसत-खिदळत होते आणि नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, धुरानं.

मी भाकरी द्यायला गेले तेव्हा विचारलं, "नाना, काय होतं हो तुम्हाला?"

नेहमीसारखं उत्तर उशिरा आलं. "बाई, थंडीत केयीचा घड पाह्यला कधी? बाहीर यायची येय झाली अस्ते. पन थंडीनं त्याचा गया आवयते. घड आतच अडकतो. ना बाहीर येत, ना मांगं जात." त्यांनी आपल्या गळ्यावर हात ठेवला. "तसं हाये."

"आणि ह्यानं सुटतो?" मी पेल्याच्या दिशेनं पाहिलं.

"नही सुटत." ते जाळाकडे बघत राहिले. "पह्यले सुटल्यासारखं वाटे. आता अडकला हाये हे इसरतो, तितकंच. अन् इसरायले पह्यल्यापेक्षा जास्त लागते."

मी त्यांच्या ताटात भरीत वाढलं आणि त्यांनी ते खाल्लं नाही.

मग लढाईच्या दिवसांतला तो कडक हिवाळा आला. सावद्याला पाण्याच्या टंचाईपेक्षा थंडीचं भय मोठं, कारण केळीला थंडी सोसत नाही. फार गार पडलं की पानं पिवळी पडतात, घड काळवंडतात. त्याला चरका लागला म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे धूर. मळ्याच्या बांधावर वाऱ्याच्या बाजूनं ओला काडीकचरा, वाळकी पानं, शेणकूट यांचे ढीग घालून ठेवायचे आणि पहाटे पेटवायचे. जाळ करायचा नाही, नुसता धुमसवायचा. धूर केळीच्या बागेवर गोधडीसारखा पसरून राहतो. पण तो धूर पेटवणाऱ्याच्या मळ्यात थांबत नाही; वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या मळ्यात जातो. म्हणून धुराच्या बाऱ्या, म्हणजे पाळ्या लावलेल्या असत, आणि सगळ्यात उत्तरेकडचा, वाऱ्याच्या तोंडावरचा मळा नानांचा होता. तिथला ढीग पेटला तर त्याखालच्या सगळ्या बागा वाचायच्या.

त्या पहाटे बारी नानांची होती आणि नाना पिऊन झोपले होते. जनाक्का गोदीच्या बाळंतपणाला यावलला गेलेली. ढीग तसाच राहिला. चार दिवसांनी नानांच्या आणि वामन आबांच्या बागेवर चरका दिसू लागला. आबांची तर त्या साली पहिलीच मोठी बाग होती.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. आम्ही बायका मागे भिंतीशी, बातमी ऐकून यावलहून परतलेली जनाक्काही. नाना खाली बसले होते, नजर जमिनीवर. मला वाटलं होतं आबा शिव्या देतील. त्यांनी दिल्या नाहीत. ते सावकाश म्हणाले, "केशवले काही बोलू नका. त्याचं जे हाये ते आपल्याले माहीत हाये. आता थंडीत त्याची बारी दुसरे घेतीन. त्यानं घरी बसावं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. उलट दयाच होती, आणि ती दया ऐकून नानांनी डोक्यावरचं फडकं आणखी खाली ओढलं.

तेवढ्यात जनाक्का भिंतीपासून पुढे आली. पुरुषांच्या बैठकीत बाईनं बोलायची रीत नव्हती. तिचा पदर डोक्यावर होता, आवाज कापत होता. "आबा, बारी काढू नका. रोजची बारी त्यायलेच द्या."

"रोजची?" आबा बघतच राहिले. "अन् पुन्हा झोपला तं?"

"तं पह्यले माही केयी जाईन. माहं वावर वाऱ्याच्या तोंडी हाये." मग ती जरा थांबली आणि एकदम रडवेल्या रागानं बोलली. "केयीले चरका लागला तं तुम्ही तिले उपटून फेकता का? रातचे उठता, धूर करता, लेकरासारखं जपता. मानसाले लागला तं म्हंता, घरी बस. घरी बसूनच तं ते अर्धे गेले!"

वामन आबांनी बराच वेळ मिशी चोळली. शेवटी म्हणाले, "वहिनी म्हंते तं पाहू."

दुसऱ्या दिवसापासून जनाक्का पहाटे उठे. चुलीतला विस्तव खापरात घेई, वर राख घाली आणि ते खापर नानांच्या दोन्ही हातांत देई. तिचा हिशेब सरळ होता: दोन्ही हातांत विस्तव असलेला माणूस पेला कशानं धरणार? मग पुढे ते आणि मागे ती, असे मळ्याकडे निघत. खिडकीतून मला त्या अंधारात नानांच्या छातीशी लालसर उजेड तेवढा जाताना दिसायचा.

जनाक्काला ताप आला तेव्हा एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. तिनंच गळ घातली, म्हणाली, "तुम्ही फक्त मांगं चाला, बाई. बोलू नका. कोनी मांगं हाये एवढं त्यायले समजलं पायजे." शेवरीच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटत होतं. वारा असा की कानशिलं दुखावीत. नानांनी गुडघ्यावर बसून विस्तव ढिगात सरकवला आणि फुंकर घालू लागले. त्यांची बोटं थरथरत होती. थंडीनं की पेल्यावाचून, ते मला कळलं नाही. एकदा विझलं. दुसऱ्यांदा विझलं. ते माझ्याकडे न बघता पुन्हा फुंकत राहिले. मग धूर आला. आधी बारीक, मग जाड, जमिनीलगत सरपटत केळीच्या ओळींत शिरला. पानं त्यात बुडाली, खोडं बुडाली, आणि आमच्यापुढे बाग उरलीच नाही, नुसता एक पांढरा संथ तलाव. त्यात कुठेतरी टिटवी ओरडत होती. खालच्या मळ्यातून वामन आबांची हाक आली, "केशव, पोचला रे!" धूर त्यांच्यापर्यंत पोचला होता.

नानांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. ते घरी परत जायला उठले नाहीत. तिथेच बांधावर बसले. हळूहळू धुरापलीकडे तांबूस झालं, मग सूर्य वर आला, धुरातून डोळे न मिटता बघता येईल असा. नाना त्याच्याकडे तोंड करून बसून राहिले. ऊन त्यांच्या कपाळावर आलं, गालांवर आलं, गळ्यावर आलं. मी मागे उभी होते. मला वाटत होतं, मी स्वप्नात आहे, आणि कुणी मला हाक मारू नये.

मी खोटं सांगणार नाही, नानांची दारू सुटली नाही. पण सकाळचा पेला दुपारवर गेला, आणि काही दिवस तर संध्याकाळवर. आणि त्या साली शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले होते तेव्हा धाब्यावरून आवाज आला, "बाई, पोरीयले आज लवकर सोडा. ऊन चांगलं पडीन!" मी धावत आत गेले. जनाक्का चुलीपाशी बसून पदरात तोंड खुपसून रडत होती. "आले," एवढंच ती म्हणाली. नवरा सकाळपासून घरातच होता, हे ऐकणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. आम्हा दोघींना तसं वाटलं नाही.

पुढचे दोन हिवाळेही तिनं त्यांना असेच पार नेले. मग माझी जळगावला बदली झाली. पिंप्राळ्याला जागा मिळाली, आईचे पाय गेले, आणि जाणं-येणं राहून गेलं. एका श्रावणात गोदीचा निरोप आला. जनाक्का गेली होती. साधा ताप, तीन दिवसांचा. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं, "आणि नाना?" तो म्हणाला, "ते आतापासूनच घेऊन राह्यले बाई. यंदा पावसायातच सुरू झालं." पुढच्या थंडीत मी रोज पहाटे जागी व्हायची आणि अंथरुणात पडून विचार करायची की विस्तव कोण देत असेल. जायचं मात्र जमलं नाही. होळी झाली, पाडवा झाला. मनात म्हटलं, आता तर ऊन तापलंय, आता नाना भेटतील. आखाजीची सुट्टी लागली तशी मी सावद्याला गेले.

वैशाख नुसता पेटला होता. स्टेशनपासून घरापर्यंत चालताना वहाणेतून तळवे भाजत होते. गल्लीत ठिकठिकाणी झोके बांधलेले. नानांचं धाबं मोकळं होतं.

गोदी दारात आली आणि माझ्या गळ्यात पडली. "बाई, तुम्ही सांगून पहा. माह्याशी तं बोलतच नहीत."

नाना आतल्या अंधाऱ्या खोलीत होते. अंगावर घोंगडी, उशाशी पेला. केवढे तरी लहान झाले होते. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले, आईची चौकशी केली. सगळं उशिरानं, पण नीट. मी त्यांचा हात धरला. तो गार होता. मला ते सहन होईना. मी गोदीला खूण केली, आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून त्यांना उठवलं आणि ओट्यावर आणून बसवलं. भर दुपार. समोरची भिंत बघवत नव्हती इतकी चकाकत होती. उन्हाची झळ तोंडावर आली तशी गोदीनं पदर पुढे ओढला. तेच ऊन नानांच्या उघड्या डोक्यावर, कपाळावर, गळ्यावर पडलं होतं. मी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडच्या अंगणात मुली झोक्यावर गात होत्या.

नानांनी डोळे किलकिले करून इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, पोरानं विचारावं तसं, अगदी हळू विचारलं, "बाई, उन्हाया कधी लागीन?"

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "लागेल, नाना. आता लागेलच."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि त्या उन्हात त्यांनी घोंगडी अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतली.